ताईच्या मंगळावर कोप्रोसेसर

घरच्या कम्प्युटरला कोप्रोसेसर लावून काही फायदा होतो का, हे मला आजवर एकाच माणसानं विचारलं आहे. ते माझे बाबा. कम्प्युटर म्हणजे काय हे त्यांना धड माहीत नव्हतं, पण फायदा म्हणजे काय हे पक्कं माहीत होतं.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षातली ही गोष्ट. सन दोन हजार लागलं की सगळे जुने कम्प्युटर एकदम बंद पडणार, अशी तेव्हा आवई उठली होती आणि नागपूरच्या कचेऱ्या आपली जुनी मशिनं भंगाराच्या भावात काढत होत्या. आमचं घर भंडाऱ्यातलं, विणकरांचं. समोरच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत आम्ही. बाबा कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड घेऊन नागपूरला जायचे आणि येताना रिकाम्या हातानं येणं त्यांना अपमानाचं वाटायचं. कधी संत्री आणायचे, कधी कोणाच्या तरी लिलावातली तीन पायांची खुर्ची. त्या खेपेला कम्प्युटर आणला. सोबत प्रिंटर होता. तो चालू झाला की शेजारची म्हातारी भिंत ठोकायची.

मी गावातच सहा महिन्यांचा कम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यामुळे मशीन माझ्या गळ्यात पडलं. तीनशे शहाऐंशी जातीचं. क्लासमधल्या मशिनांपेक्षा दोन पिढ्या म्हातारं, पण खंबीर. सन दोन हजार लागलं, तारीख चुकली, मी ती हातानं दुरुस्त केली, आणि जगबुडी आमच्या घरापुरती तिथंच संपली.

आता त्या मशीनवर करायचं काय? इथं बाबांबद्दल सांगायला हवं. ते समाजात लग्नं जुळवायचे. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. म्हणजे वाईटच. धंदेवाला माणूस कधीतरी दुकान बंद करतो. आमच्याकडे लाखांदूरपासून साकोलीपर्यंतच्या लग्नाळू पोरापोरींचे कागद एका पत्र्याच्या पेटीत होते आणि "पोट्टी कशी आहे?" या प्रश्नाचं उत्तर बाबा ती पोट्टी न पाहताही देऊ शकायचे. मशीनसोबत मिळालेल्या फ्लॉपींत एक पत्रिका काढण्याची फ्लॉपी निघाली आणि बाबांना वाटलं, देवानंच धाडली.

जन्माची तारीख, वेळ, गाव टाकायचं आणि एक बटण दाबायचं. मग साडेचार मिनिटं मशीन घुं घुं करत बसायचं. आलेली माणसं हात जोडून समोर. बाबा शेजारी उभे राहून धावतं वर्णन करायचे, "आता गुरूजवळ पोचलं असन. आता शनीले वेळ लागते, थो दूर आहे." तिसऱ्या मिनिटाला वीज गेली की पुन्हा सूर्यापासून सुरू. तरी कोणी कंटाळायचं नाही. उलट जितका वेळ, तितकी श्रद्धा. गोंदियाकडच्या एका गृहस्थानं तर विचारलं होतं, "आमचा जिल्हा भंडाऱ्याचा गोंदिया झाला, तं आता पोराची पत्रिका बदलन का?" बाबा गंभीरपणे म्हणाले, "पाहून सांगतो." आणि मला डोळ्यानं खुणावलं की पाह्य. मी पाहिलं. ग्रहांना शासननिर्णय पोचला नव्हता.

हे सगळं गमतीचं होतं, पण घरात एक पत्रिका होती जिच्यावर कोणी हसायचं नाही. माझ्या ताईची.

ताई तेव्हा तिशीला टेकली होती. मागावर बसली की तिच्या हाताखाली जी किनार निघायची तशी बाबांनाही काढता यायची नाही, आणि हे बाबा स्वतःच सांगायचे, अर्थात ती समोर नसताना. तिच्या पत्रिकेत मंगळ सातव्या घरात होता. सातवं घर लग्नाचं. तिथं मंगळ बसला म्हणजे मुलगी मंगळाची, आणि मंगळाच्या मुलीला मंगळाचाच मुलगा हवा, नाहीतर नवऱ्याच्या जिवाचं काही खरं नाही, असं लोक म्हणायचे. तिला सात ठिकाणांहून नकार आला. कोणी स्पष्ट सांगितलं, कोणी "कळवतो" म्हणून कळवलंच नाही. दुसऱ्यांची लग्नं जुळवणाऱ्याची पोर घरात, याच्यावर गावात काय बोललं जायचं ते मी इथं लिहीत नाही. तसं पाहिलं तर मला मात्र मंगळाचा फायदाच होता. मोठीचं उरकल्याशिवाय धाकटीचं काढायचं नाही, असा आमच्याकडे दंडक. ताईच्या मंगळाच्या आडोशाला मी मजेत बसले होते. मला तेव्हा याची लाज वाटत नव्हती. आता वाटते.

कम्प्युटर आल्यावर बाबांनी पहिली पत्रिका ताईचीच काढायला लावली होती. जोश्यांनी हातानं काढलेली चुकली असेल, ही आशा. साडेचार मिनिटांनी मंगळ होता तिथंच निघाला. बाबांनी मशीनला त्या दिवसापासून आतून माफ केलं नव्हतं.

मग एके दिवशी आत धूळ साचली म्हणून मी मशीनचं झाकण काढलं. बाबा वाकून पाहत होते. त्यांनी एका जागी बोट ठेवलं. मोठ्या चिपेच्या शेजारी एक चौकोनी बैठक होती, भोकंच भोकं असलेली आणि रिकामी.

"हे काय?"

"कोप्रोसेसरची जागा. नसला तरी चालते."

"नसला तरी चालते, तं जागा कायले ठेवली?"

मी समजावलं की अवघड आकडेमोड करायला मशीनला एक जोडीदार देता येतो, पण तो वेगळा घ्यावा लागतो. कोणी घेतो, कोणी घेत नाही. मी हे जितकं सांगत गेले तितका बाबांचा चेहरा उजळत गेला आणि मला कळेना की यात एवढं आनंदाचं काय आहे.

कळलं ते जेवताना. मागावर फणी असते, तिच्या दात्यांमधल्या प्रत्येक फटीतून ताण्याचा, म्हणजे उभा, धागा ओवावा लागतो. त्या फटीला आम्ही घर म्हणतो. एक घर चुकून रिकामं राहिलं, की विणताना दिसत नाही, पण साडी उलगडली की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उभी रेघ. गिऱ्हाईक ती रेघ बोटानं दाखवतं आणि साडी परत देतं. बाबांनी सगळं आयुष्य रिकामी घरं शोधण्यात घालवलेलं.

"घर रिकामं आहे ना वं," ते मला म्हणाले. "घर रिकामं राह्यलं का रेघ जातेच. थो मंगळ म्हणजे थेच रेघ आहे. मंगळ नाहीच आपल्या पोरीले. मशीनचा फॉल्ट आहे."

"आन् जोश्यानं हातानं काढली होती, त्यात कोणतं घर रिकामं होतं?" आईनं विचारलं. आई फार बोलत नसे, पण बोलली की असं.

"त्यायच्या डोक्यातलं," बाबा म्हणाले.

त्यातच लाखांदूरचं एक स्थळ आलं. मुलगा चौतिशीचा, कापडाचं छोटं दुकान, घरात फक्त आई. त्यांनी ताईची किनार कुठल्याशा लग्नात पाहिली होती आणि विणणारी कोण म्हणून चौकशी केली होती. म्हणजे यांना आधी काम आवडलं होतं. असं स्थळ पहिल्यांदाच आलं होतं. त्या दिवशी ताईनं कांड्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या नळ्या, भरताना गाणं गुणगुणल्याचं मी ऐकलं. पण निरोपाच्या शेवटी होतं, "पत्रिका तेवढी कम्प्युटरची द्या. आमच्या पोराले मंगळ नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं बाबा आणि मी नागपूरला. सीताबर्डीत जुने पार्ट विकणारा एक दुकानदार होता, कानात पेन, समोर उघड्या मशिनांचा ढीग. त्यानं आधी आमच्याकडे पाहिलं, मग विचारलं, "घरी काय चालवता?"

"पत्रिका," मी म्हणाले.

तो हसला नाही. चांगला माणूस होता. "टायपिंगवाल्यायले मी हे विकत नाही. त्यायले काहीच फरक दिसत नाही, अन् मंग येऊन मलेच शिव्या देतात. गेमवाल्यायलेही देत नाही. घरच्या मानसाले शंभरातून नव्वद वेळा हे पाहिजेनच नाही. पण तुमची पत्रिका म्हणजे सारं भारी गणित. तुमाले फरक पडन."

"उत्तर बदलन का?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, बाबांना ऐकू जावं म्हणून.

"उत्तर कायले बदलन? आतापर्यंत बोटावर मोजत होतं, आता तोंडपाठ म्हणन. उत्तर थेच."

याहून सोपं मी आजही कोणाला सांगू शकणार नाही. पण बाबांनी या सगळ्या बोलण्यातून "तुमाले फरक पडन" एवढे तीन शब्द उचलले आणि बाकीचे दुकानातच ठेवले. परतीच्या बसमध्ये ती डबी त्यांनी शर्टाच्या आत धरली होती. मौद्यापर्यंत मी त्यांना सांगत राहिले की मंगळ हलणार नाही. मग ते झोपले, किंवा झोपल्यासारखं केलं.

घरी चिप बसवली बाबांनीच. चिपेच्या पोटाला बारीक सुयांची दाटी असते, एक वाकडी झाली की संपलं. मला धीर होत नव्हता. बाबांनी चष्मा पुसला, कोपऱ्यावरची खूण जुळवली आणि दोन्ही अंगठ्यांनी एका दमात ती अशी बसवली की टक्कन आवाज झाला. हजारो तंतू ओवलेली बोटं ती. आईनं हळदकुंकू आणलं. मी म्हणाले, चिपेला नको, बाहेर डब्याला लावा. डब्याला लावलं. मशीनला आयुष्यात पहिल्यांदा सवाष्णीचा मान मिळाला.

बटण दाबलं. बाबा वर्णनासाठी घसा खाकरत होते, तेवढ्यात पत्रिका पडद्यावर. वीस सेकंद असतील नसतील.

मंगळ सातव्या घरात.

"पुन्हा पाह्य," बाबा म्हणाले. पुन्हा पाहिलं. आणखी एकदा पाहिलं. ताई दारात उभी होती, तिच्या हातात अर्धी भरलेली कांडी होती. ती आत गेली आणि मागाचा आवाज सुरू झाला, नेहमीपेक्षा जोरात. बाबा मशीनसमोर बसून राहिले. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

वर आणखी एक पंचाईत झाली. त्या वीस सेकंदांनी बाबांची सगळी अब्रूच पातळ केली. एकोडीचा एक शेतकरी पोराची पत्रिका काढायला आला, नारळ घेऊन, धुतलेलं धोतर नेसून. त्यानं हात जोडायच्या आत पत्रिका तयार. तो माझ्याकडे पाहत राहिला. "झालं? याच्यासाठी मी एसटीनं धक्के खात आलो? पोरी, एकडाव नीट पाह्य." त्याला वाटलं, गरिबाचं म्हणून आम्ही उरकलं. त्यानंतर बाबांनी फर्मान काढलं की मी आधी टकटक करत काहीतरी टाइप करायचं, त्यांचं शनीपर्यंतचं वर्णन होऊ द्यायचं, आणि त्यांनी खोकलं की मगच खरं बटण दाबायचं. ग्रह आता बाबांच्या खोकल्याची वाट पाहू लागले.

लाखांदूरचे लोक रविवारी येणार होते. त्या आधीच्या बुधवारी बाबा बाजाराला गेले होते, आई शेजारी पापड लाटायला. ताई माग थांबवून माझ्याजवळ आली. ती कम्प्युटरच्या खोलीत कधी यायची नाही. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "यात वेळ बदलता येते?"

"कोणती?"

"माह्या जन्माची."

तिच्या कागदावर वेळ होती दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मी दोन वाजून पंधरा टाकली. वीस सेकंद. मंगळ सातव्यातच. "आणखी," ती म्हणाली. दोन वीस. सातव्यातच. दोन एकवीस. लग्नरास बदलली, सगळी घरं एकेक पाऊल सरकली, आणि मंगळ सहाव्या घरात जाऊन बसला. सहाव्यातला मंगळ कोणाला काही करत नाही. तिथून पुढं तीन वाजेपर्यंत पाहिलं, चारपर्यंत पाहिलं, तो सहाव्यातच.

आम्ही दोघी त्या पडद्याकडे पाहत बसलो. जुन्या चालीनं हे झालंच नसतं. ज्या उत्तराला साडेचार मिनिटं लागतात आणि समोर हात जोडून बसावं लागतं, ते माणूस एकदाच मागतो आणि कपाळाला लावून घरी नेतो. वीस सेकंदात येणाऱ्या उत्तराला पुन्हा विचारावंसं वाटतं, उलटं विचारावंसं वाटतं. दुकानदाराला एवढं माहीत नव्हतं, नाहीतर त्यानं किंमत वाढवली असती.

"अकरा मिनिटं," ताई म्हणाली. "अकरा मिनिटांनी उशिरा जन्मली असती तं." मग थोड्या वेळानं, "पण घड्याळ पाह्यलं कोणं?"

हा प्रश्न तिनं रात्रीच्या जेवणात ताटावर बसल्या बसल्या विचारला. बाबांना नाही, आईला.

आईनं हातातली भाकर खाली ठेवली. "कोण पाहीन? मी बाळंत होऊन राहिली होती, का घड्याळ पाहून राहिली होती? घरात एकच घड्याळ होतं. थे यायच्या हातात, अन् हे कामठीच्या बाजारात."

"मग दोन दहा?"

बाबा भातात बोटं फिरवत होते. शेवटी म्हणाले, "तिसऱ्या दिवशी आलो. जोशी म्हणे, वेळ सांगा. हिले विचारलं, तं ही म्हणे, दुपारी, जेवणं झाल्यावर. आता जोश्याले काय जेवणं झाल्यावर सांगू? मी म्हटलं दोन दहा."

"दोन काहून नाही?" मी विचारलं. "दहा कुठून आणले?"

"नुसतं दोन म्हटलं असतं तं अंदाज वाटला असता," बाबा म्हणाले. "वर दहा मिनिटं जोडली का खरं वाटते."

मला त्या क्षणी त्यांच्या अंगावर ताट फेकावंसं वाटलं. सात घरं, सात वेळा ताईनं केस विंचरून पोह्यांची बशी नेली होती, सात वेळा ती बशी धुतली होती. आणि हा माणूस दरवेळी तिच्या बाजूला बसून उसासे टाकत होता की नशीब पोरीचं. नशीब कसलं, यांच्या जिभेवर आलेली दहा मिनिटं ती. मी हे सगळं बोलले. जसंच्या तसं, आवाज चढवून. शेजारच्या म्हातारीनं भिंत ठोकली. बाबा ताटावरून उठले आणि मागावर जाऊन बसले, विणलं मात्र काही नाही.

रागाच्या भरात मीच ताईला म्हणाले, "दोन पंचवीस टाकते अन् छापते. झालं. खोटं कोण म्हणेल? दोन दहा तरी कुठं खरं आहे?"

ताई म्हणाली, "पहिले दहा यायनं जोडले. आता पंधरा तू जोड. मी का कापड आहो का, ज्याले जसं पाहिजेन तसं मोजाले?"

"मग रविवारी काय द्यायचं?"

"थे बाबांले विचार. वेळ त्यायनंच आणली होती."

रविवारी लाखांदूरची मायलेकं बाराच्या एसटीनं आली. मुलगा बारीक, कमी बोलणारा, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा. त्याची आई ठसठशीत, कपाळावर मोठं कुंकू. ती बसल्या बसल्या मागावरची अर्धी साडी हातात घेऊन किनार पाहू लागली. ताईनं पोहे आणून ठेवले आणि दाराशी उभी राहिली. मुलाच्या आईनं पाणी प्यायलं आणि म्हणाली, "कागद काढला ना भाऊ?"

बाबांनी मला खूण केली नाही. खोकलेही नाहीत. ते उठून उभे राहिले, आपल्याच घरात, पाहुण्यासारखे.

"कागद आहे," ते म्हणाले. "पण थो खोटा आहे. मले पोरीच्या जन्माची वेळ माहीत नाही. मी अंदाजानं सांगतली होती जोश्याले. त्या अंदाजावर मंगळ आहे. अकरा मिनिटं पुढं सरकवलं तं नाही. खरं काय थे कोणालेच माहीत नाही. सात जागा मोडल्या हिच्या, त्या मी मोडल्या."

ज्या माणसाच्या पेटीत अर्ध्या जिल्ह्याच्या जन्मवेळा होत्या, त्यानं हे परक्या माणसांसमोर सांगितलं. ही गोष्ट संध्याकाळच्या बसनं लाखांदूरला पोचणार आणि सोमवारी साकोलीत, हे त्यांना ठाऊक होतं. बुधवारचा माझा राग तिथं अर्धा विरघळला. उरलेला अर्धा मी जपून ठेवला, तो अजून आहे.

मुलाची आई बाबांकडे पाहत राहिली. मग पदर तोंडाला लावला आणि तिला हसू फुटलं. आवरेना. "बाप्पा! तुमची तं निदान तारीख खरी आहे. याची तारीखही मास्तरनं टाकली, शाळेत घालताना. म्हणे, जून महिना बरा पडते. वेळ मी सांगतली, पहाटची, काऊन का पहाटचं चांगलं असते म्हणतात."

आता सगळेच हसले. बाबा हसता हसता डोळे पुसू लागले. आई पदराआड. मुलगासुद्धा मान खाली घालून हसत होता, त्याला आपला जून महिना नवीन असावा. मला वाटलं, जमलं. मी उठून चहा टाकायला निघाले.

तेव्हा दारातून ताई बोलली. पाहायच्या कार्यक्रमात मुलगी आपणहून बोलत नाही, हे तिला सात वेळचं पाठ होतं.

"मावशी, या कागदावर तुमी किती पोरी परत केल्या?"

हसणं थांबलं. मुलाच्या आईनं बोटं मोजली नाहीत, तिला आकडा तयार होता. "तीन."

"त्यायले काय सांगतलं?"

"काय सांगणार? जमत नाही म्हटलं."

"मंग पहिले त्यायच्या घरी जाऊन सांगून या," ताई म्हणाली. "का तुमच्या पोरीत खोट नव्हती, आमचा कागद खोटा होता. मंग मी काय थे सांगीन."

बाबांनी कपाळाला हात लावला. मला ताईच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिचं तोंडही दाबावंसं वाटलं. आठवं स्थळ तिनं स्वतःच्या हातानं दाराबाहेर काढलं होतं. मुलगा मात्र तिच्याकडे पाहत होता, नीट, पहिल्यांदाच. मायलेकं चहा न घेता चारच्या बसनं गेली.

महिना गेला. निरोप नाही. बाबांकडे येणारी माणसं निम्म्यावर आली, कारण ते आता बटण दाबण्याआधी विचारायचे, "वेळ कोणं पाह्यली होती?" आणि लोक डोकं खाजवत उठून जायचे. ताई माग चालवत होती. गुणगुणणं बंद होतं.

मग एका दुपारी मुलाची आई एकटीच आली. बाहेरच्या खोलीत बसलीच नाही. सरळ आत येऊन चुलीपाशी ताईजवळ टेकली आणि सांगू लागली. तिन्ही घरं केली होती, एसटीनं, एकटीनं. पहिल्या दोघींची लग्नं झाली होती. एकीनं ओळखलंच नाही, दुसरीच्या सासूनं पाणीसुद्धा विचारलं नाही. तिसरी गोसीखुर्दकडची, अजून घरीच होती. तिनं बसायला पाट दिला, चहा केला, सगळं ऐकून घेतलं.

"मले वाटलं, शिव्या देईन," मुलाची आई म्हणाली. "नाही दिल्या. म्हणे, बरं झालं मावशी सांगतलं. मी चार वर्षं समजून राहिली होती, का माह्या रंगामुळं तुमी नाही म्हटलं."

सात नकारांत मी ताईला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दुपारी ती चुलीसमोर बसून, कधी न पाहिलेल्या त्या पोरीसाठी हमसून हमसून रडली. मुलाची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मी उतू जाणारा चहा उतरवायचंही विसरले. बऱ्याच वेळानं ताईनं पदरानं तोंड पुसलं.

"सांगा तुमच्या पोराले," ती म्हणाली. "मी तयार आहो."